साठीनंतर सुरू झालेला आतड्यांचा दाह : निदानाला १४ महिने का लागले?

दुधनाकाठ

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या आता ६८ वर्षांच्या आहेत आणि परभणी जिल्ह्यात सेलूजवळच्या आमच्या गावी राहतात. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आसपास त्यांना दिवसातून चार-पाच वेळा परसाकडे जावे लागू लागले. शौचातून आव आणि मधूनमधून रक्त पडत होते, पण हे त्यांनी घरात कोणालाही सांगितले नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून त्या आपले लुगडे स्वतः धुऊन टाकीत आणि कोणी विचारले तर गुडघे दुखतात म्हणून झोप लागत नाही, एवढेच सांगत. तीन महिन्यांनी त्या न्हाणीत चक्कर येऊन खाली बसल्या, तेव्हा कुठे मला हे कळले.

पुढचे ११ महिने कसे गेले ते सविस्तर लिहिते, कारण या धाग्याचे कारण तेच आहे. प्रथम मूळव्याध म्हणून मलम आणि गोळ्या मिळाल्या. नंतर रक्ती आव म्हणून मेट्रोनिडाझोल हे अमिबावरचे औषध दिले गेले. त्याने दोन आठवडे बरे वाटले आणि पुन्हा तेच सुरू झाले. असे चार वेळा घडले. हिमोग्लोबिन ७.८ पर्यंत उतरले तेव्हा लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी शौच काळे होऊ लागले आणि रक्त पडते आहे की थांबले आहे, हेच आत्यांना ओळखू येईना. या साऱ्या काळात गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची गोळी जवळजवळ रोज चालू होती. ती कोणी लिहून दिलेली नव्हती, दुकानातून आणली जात होती, आणि आम्हाला कोणी विचारले नाही म्हणून आम्हीही ती कोणाला सांगितली नाही. वजन ५३ किलोवरून ४४ किलोवर आले. जिथे गेलो तिथे "वय झालंय, या वयात पचन असंच राहणार" हे वाक्य ऐकायला मिळाले, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही ते पटत गेले.

शेवटी एका तरुण डॉक्टर मुलीने हातमोजा घालून गुदद्वाराची बोटाने तपासणी केली. १४ महिन्यांत ही तपासणी करणारी ती पहिलीच. "इथे मूळव्याधीचा कोंब लागत नाही. आजींची कोलोनोस्कोपी करून घ्या," असे तिने सांगितले. छत्रपती संभाजीनगरला कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, झाली. गुदाशयापासून मोठ्या आतड्याच्या डाव्या वळणापर्यंत सलग सूज आणि व्रण दिसले, आणि बायोप्सीनंतर, म्हणजे आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासल्यानंतर, अल्सरेटिव्ह कोलायटिस असे निदान झाले. माझ्या यजमानांनी हे नाव त्यांच्या २६ वर्षांच्या सहकाऱ्याच्या संदर्भात ऐकले होते. हा तर तरुणांचा आजार आहे, आईला आत्ताच कसा सुरू झाला, हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

उपचार सुरू झाल्यावर वेगळ्या अडचणी आल्या. आत्यांना १२ वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब आहे. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ४० मिलिग्रॅम सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी रक्त पडणे थांबले, परंतु साखर ३४० वर गेली आणि रात्रीची झोप पूर्ण उडाली. एका रात्री त्या अंगणात उभ्या राहून, वारलेल्या बहिणीशी बोलत होत्या. आम्ही घाबरून गोळी एकदम बंद करणार होतो. डॉक्टरांना फोन लागला म्हणून ते टळले.

ज्यांच्या घरी साठीनंतर हा आजार सुरू झाला आहे त्यांनी कृपया आपले अनुभव लिहावेत. या वयात हा आजार वेगळा वागतो का, आणि इतर आजारांच्या औषधांसोबत तो कसा सांभाळायचा, हे मला समजून घ्यायचे आहे.

डॉ_मांजरा

ताई, तुम्ही सविस्तर लिहिले हे फार चांगले केले. मी लातूर भागात पोटविकारांवर उपचार करतो. तुमच्या आत्यांना प्रत्यक्ष पाहिलेले नसल्यामुळे त्यांच्या औषधांबद्दल निर्णय देणार नाही, पण आजाराबद्दल जे सांगता येईल ते सांगतो.

आतड्यांच्या दाहाचे दोन मुख्य प्रकार आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता राहतो आणि बहुतेक वेळा गुदाशयापासून वर सलग पसरतो. क्रोन्स हा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, तुकड्यातुकड्यांनी आणि आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत होऊ शकतो. दोन्ही बहुधा विशी-तिशीत सुरू होतात, म्हणून तुमच्या यजमानांचा समज चुकीचा नव्हता, अपुरा होता. सर्व रुग्णांपैकी साधारण १० ते १५ टक्के रुग्णांत निदान ६० वर्षांनंतर होते.

या वयात आजाराचे रूप थोडे निराळे असते. कोलायटिस बहुतेक वेळा डाव्या बाजूपुरता राहतो. क्रोन्स असेल तर तो लहान आतड्यापेक्षा मोठ्या आतड्यात अधिक दिसतो, आणि भगेंद्र किंवा आतडे अरुंद होणे हे प्रकार तरुणांच्या तुलनेत कमी आढळतात. घराण्यात कोणाला आजार असण्याचे प्रमाणही कमी असते. पोटदुखी आणि रक्तस्राव तरुणांइतके ठळक नसतात. कित्येकदा फक्त जुलाब, अशक्तपणा, रक्त कमी होणे आणि वजन उतरणे एवढेच समोर येते. ही सगळी लक्षणे म्हाताऱ्या माणसात दहा कारणांनी होऊ शकतात आणि निदान इथेच अडते.

त्या दहा कारणांत काही फार महत्त्वाची आहेत. मोठ्या आतड्याचा कर्करोग सर्वांत आधी वगळावा लागतो. साठीनंतर शौचातून रक्त पडले आणि मूळव्याध खरोखर दिसली, तरी वरच्या आतड्यात दुसरे काही नाही असे त्यातून सिद्ध होत नाही. आतड्याचा रक्तपुरवठा कमी पडून होणारा दाह हृदयरोग आणि मधुमेह असणाऱ्यांत होतो. त्यात दुखणे अचानक सुरू होते आणि गुदाशय बहुधा वाचतो. आतड्याच्या भिंतीला आलेल्या पिशव्यांभोवती दाह होतो. सूक्ष्म कोलायटिस नावाचा प्रकार विशेषतः वयस्कर स्त्रियांत दिसतो. त्यात पाण्यासारखे जुलाब होतात, पण दुर्बिणीतून आतडे निरोगी दिसते, म्हणून आतडे चांगले दिसले तरी तुकडे घ्यावेच लागतात. वेदनाशामक गोळ्यांनी आतड्याला व्रण पडतात. अमिबाचा आणि इतर जंतूंचा संसर्ग आपल्याकडे आहेच.

क्षयरोगाबद्दल वेगळे सांगतो, कारण आपल्या भागात ही चूक सर्वांत महागात पडते. लहान आणि मोठे आतडे जिथे जोडले जाते तिथे क्षय आणि क्रोन्स इतके सारखे दिसतात की अनुभवी डोळ्यांनाही शंका राहते. क्षयाला क्रोन्स समजून स्टिरॉइड दिले तर क्षय अंगभर पसरू शकतो. उलट क्रोन्सला क्षय समजून महिनोन्महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या तर तेवढ्या काळात आतडे अरुंद होत जाते. शंका उरली आणि क्षयाचे औषध सुरू केले, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले की नाहीत हे पाहिले पाहिजे. ताप उतरला आणि भूक लागली, एवढ्यावर समाधान मानू नये.

मेट्रोनिडाझोल देऊन तात्पुरते बरे वाटणे यावरून अमिबाच होता असे ठरत नाही, कारण कोलायटिस स्वतःही चढतो आणि उतरतो. दुसऱ्यांदा कोर्स देण्याची वेळ आली, तेव्हाच शौचाची नीट तपासणी आणि दुर्बीण यांचा विचार व्हायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

औंढ्याची_लेक

माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. त्यांनाही सहा महिन्यांपासून असाच त्रास आहे, पण कोलोनोस्कोपी म्हटले की ते घाबरतात. आदल्या दिवशी ते जे पोट साफ करणारे पाणी देतात, त्यानेच माणूस खलास होतो असे त्यांना कोणीतरी सांगितले आहे. त्यांची किडनीही थोडी कमजोर आहे. या वयात ही तपासणी सुरक्षित असते का?

डॉ_मांजरा

योग्य तयारी केली तर सुरक्षित असते, आणि वडिलांची भीती अगदी निराधारही नाही. किडनी कमजोर असणाऱ्यांना फॉस्फेटयुक्त रेचक देऊ नये. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे द्रावण द्यावे, आणि तेही एका दमात न देता निम्मे आदल्या संध्याकाळी व निम्मे तपासणीच्या दिवशी पहाटे असे विभागून द्यावे. साखरेच्या, रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी त्या दिवशी कोणत्या घ्यायच्या आणि कोणत्या नाहीत, हे आधी लिहून घ्या. रात्री कोणीतरी त्यांच्याजवळ असावे, कारण अंधारात घाईने संडासला जाताना पडून खुब्याचे हाड मोडणे हा धोका दुर्बिणीच्या धोक्यापेक्षा मोठा असतो.

तोवर शौचातील कॅलप्रोटेक्टिन तपासून घेता येईल. पांढऱ्या पेशींतून येणारे हे प्रथिन आतड्यात दाह असला की वाढते. ते ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर दाहाची शक्यता फार कमी असते. २५० च्या वर असेल तर तपासणी टाळू नये. वेदनाशामक गोळ्यांनीही ते वाढते, म्हणून त्या चालू असतील तर तसे सांगा. मात्र वडिलांना रक्त पडत असेल किंवा त्यांचे वजन उतरले असेल, तर हा आकडा चांगला आला म्हणूनही कोलोनोस्कोपी टाळू नका. वयाच्या ७४ व्या वर्षी नव्याने शौचाची सवय बदलली, तर तिला "आयबीएस", म्हणजे नुसते नाजूक आतडे, म्हणून सोडून देणे मला मान्य नाही.

माजी_गुरुजी

मी स्वतः या आजाराचा रुग्ण आहे, वय ७१, राहणार अंबाजोगाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३३ वर्षे शिकवले. निवृत्तीनंतर छातीत दुखले म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून ४० वर्षांची विडी एका दिवसात सोडली. त्यानंतर दोन वर्षांनी, ६६ व्या वर्षी, मला अल्सरेटिव्ह कोलायटिस झाला.

दुधनाकाठ ताई, तुमच्या सासूबाईंनी तीन महिने लपवले, याचे तुम्हाला वाईट वाटते आहे. मी पुरुष असून आणि शिकलेला असूनही सहा महिने लपवले. त्याचे कारण सांगतो. ज्या माणसाने आयुष्यभर मुलांना स्वच्छतेचे धडे दिले, त्याला भर बाजारात धोतर खराब होण्याची वेळ आली, हे तो कोणाला कसे सांगेल? तरुण माणसाला घाई लागली तर तो पळत जाऊ शकतो. माझे गुडघे मला पळू देत नाहीत आणि वयाने तिथले स्नायूही सैल झाले आहेत, त्यामुळे कळ आल्यापासून जेमतेम दोन मिनिटे माझ्या हातात असतात. त्या दोन मिनिटांनी माझे सगळे जगणे आखून टाकले होते.

अंबाजोगाईहून लातूरला एसटीने जायला मला अर्धे तिकीट लागते, पण दीड वर्ष मी बसमध्ये पाय ठेवला नाही. वाटेत गाडी थांबवा असे वाहकाला सांगण्याची कल्पनाही सहन होत नसे. जावयाच्या घरचे लग्न चुकवले. कीर्तनाला जाणे सोडले. लोकांना वाटले की बायको गेल्यापासून गुरुजी विरक्त झाले. प्रत्यक्षात मी मंडपापासून संडास किती लांब आहे याचा हिशोब करून घरी बसत होतो. त्या काळात जेवणही कमी केले, कारण खाल्ले नाही तर जावे लागणार नाही असे वाटे. त्यातून जो अशक्तपणा आला तो भरून यायला वर्ष लागले.

नातवाने मला प्रौढांचे डायपर आणून दिले तेव्हा मी त्याच्यावर रागावलो. आज प्रवासात ते वापरतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. पिशवीत एक जास्तीचे धोतर, पाण्याची बाटली आणि जुना टॉवेल असतो. औषधांनी आजार आटोक्यात आहे, दिवसातून दोनदाच जावे लागते, तरी ती पिशवी मी सोडलेली नाही. ती बरोबर असते म्हणूनच मी कार्तिकीला पंढरपूरला जाऊन आलो.

डॉक्टरसाहेब, विडी सोडल्यामुळे हा आजार झाला असे मला एकाने सांगितले आणि पुन्हा ओढायला सुचवले. यात तथ्य आहे का?

डॉ_मांजरा

गुरुजी, तुमचे लिहिणे मी माझ्या रुग्णांना वाचून दाखवणार आहे.

निरीक्षण खरे आहे: धूम्रपान सोडल्यानंतरच्या काही वर्षांत अल्सरेटिव्ह कोलायटिस सुरू होण्याचे प्रमाण वाढलेले दिसते, आणि उतारवयातील रुग्णांत विडी-सिगारेट सोडलेले पुष्कळ असतात. पण त्यावरचा तो सल्ला घातक आहे. तुम्ही विडी सोडलीत म्हणून तुमचे हृदय आणि फुफ्फुसे वाचली. कोलायटिसला आपल्याकडे औषधे आहेत. क्रोन्समध्ये तर धूम्रपानाने आजार उघडपणे बिघडतो.

फार्मासिस्ट_जालना

मी औषधांच्या दुकानात २२ वर्षे काम करतो आणि या धाग्यात मला गोळ्यांबद्दल कळकळीने लिहायचे आहे. आपल्या भागातील सत्तरीच्या माणसाच्या घरी गेलात तर साखरेच्या गोळ्या एका डॉक्टरांच्या, रक्तदाबाच्या दुसऱ्यांच्या, गुडघ्यांच्या तिसऱ्यांच्या आणि झोपेच्या शेजाऱ्यांनी सुचवलेल्या, अशा चार ठिकाणच्या गोळ्या चार डब्यांत असतात. सगळे डबे एकत्र पाहणारे कोणीच नसते.

पहिली गोष्ट, काही गोळ्या स्वतःच जुलाब लावतात. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने जुलाब होणे नेहमीचे आहे. रक्तदाबाच्या ओल्मेसार्टन या औषधाने काही जणांना महिनोन्महिने जुलाब होऊन वजन उतरते, आणि हे औषध सुरू केल्यावर वर्षानुवर्षांनीही होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली तशी सूचना दिली होती. दुसरी गोष्ट, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक ही औषधे शांत असलेला कोलायटिस पुन्हा पेटवू शकतात. गुडघेदुखीला पॅरासिटामॉल योग्य मात्रेत, शेक आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आधी करून पाहावेत.

तिसरी गोष्ट जीवघेणी आहे. कोलायटिसला ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले जाते आणि वातरक्तासाठी, म्हणजे युरिक ॲसिडसाठी, ॲलोप्युरिनॉल दिले जाते. ॲलोप्युरिनॉल हे ॲझाथायोप्रिनचे शरीरातील विघटन रोखते, त्यामुळे नेहमीची मात्राही कैकपट जोराची होऊन अस्थिमज्जा पांढऱ्या पेशी बनवणे थांबवू शकते. दोन्ही चिठ्ठ्या वेगवेगळ्या डॉक्टरांच्या असल्या की ही जोडी नकळत जमते. माझ्या समोर एकदा अशा दोन चिठ्ठ्या आल्या होत्या. मी औषध न देता फोन केला. म्हणून सगळ्या गोळ्या, मलमे, चूर्णे आणि काढे एकाच पिशवीत घालून प्रत्येक भेटीला न्यावेत, ही माझी हात जोडून विनंती आहे.

बालाघाट

आमच्याकडे रक्ती आवेवर कुड्याच्या सालीचा काढा पिढ्यान्‌पिढ्या देतात आणि त्याने आराम पडल्याचे मी पाहिले आहे. गोळ्यांचे एवढे दुष्परिणाम वाचून वाटते की वयस्कर माणसाला काढाच बरा. यावर जाणकारांनी लिहावे.

डॉ_मांजरा

कुड्याचा उपयोग जुना आहे आणि मी त्याची हेटाळणी करणार नाही. साध्या आवेत बरे वाटणे वेगळे आणि आतड्याचे व्रण भरणे वेगळे, एवढेच सांगतो. काढा घ्यायचाच असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडून, आम्हाला सांगून आणि चालू औषधे न थांबवता घ्यावा. मला भीती काढ्याची नाही. जिच्यावर घटकच छापलेले नाहीत अशा पुडीची आहे, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार उघड झालेले आहेत.

आता दुधनाकाठ ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. प्रेडनिसोलोन हे औषध तीव्र दाह शमवायला उपयोगी आहे, पण ते तिथे मुक्कामाला ठेवायचे औषध नाही. साखर, रक्तदाब, हाडांची झीज, मोतीबिंदू, काचबिंदू, संसर्ग आणि भ्रम यांतला प्रत्येक परिणाम वयाबरोबर वाढतो. ते सुरू करतानाच ते कधी व कसे कमी होणार याचा कागद हातात घ्या, आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्व सोबत सुरू करा. मात्र ते कधीही एकदम बंद करू नका. काही आठवडे घेतल्यानंतर शरीराची स्वतःची ग्रंथी मंदावलेली असते. अचानक बंद केल्यास रक्तदाब कोसळू शकतो. सौम्य ते मध्यम आजारात ब्युडेसोनाइडचा विचार करता येतो, कारण ते बहुतांशी आतड्यातच काम करते आणि यकृतात मोडले जाते.

डाव्या बाजूच्या कोलायटिसमध्ये मेसालामाइनची तोंडावाटेची गोळी आणि गुदद्वारातून दिलेला एनिमा किंवा बत्ती यांची जोडी एकट्या गोळीपेक्षा चांगले काम करते. घरोघरी हाच भाग संकोचाने गळून पडतो. हे औषध चालू असताना किडनीची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते.

एवढ्याने भागत नसेल तर पुढची औषधे आहेत. ॲझाथायोप्रिनने लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, आणि त्वचेच्या काही कर्करोगांचा धोका वाढतो व तो वयस्करांत अधिक जाणवतो, म्हणून मी साठीनंतर ते सहजासहजी सुरू करत नाही. इन्फ्लिक्सिमॅबच्या गटातील औषधांपूर्वी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी अनिवार्य आहे. हृदय फार कमजोर असेल तर ती देत नाहीत. व्हेडोलिझुमॅब मुख्यतः आतड्यापुरते काम करते, त्यामुळे वयस्करांत आम्हाला ते अधिक निर्धास्त वाटते, परंतु किंमत सर्वांना झेपत नाही. टोफासिटिनिब स्वस्त आणि गोळीच्या रूपात आहे, म्हणून त्याचा मोह होतो; पण ५० वर्षांवरील आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या संधिवाताच्या रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोग अधिक आढळल्यावर २०२१ साली त्यावर कडक इशारा आला. ६५ वर्षांनंतर दुसरा पर्याय असताना मी ते देत नाही.

शस्त्रक्रियेचे नाव काढले की घरचे लोक "या वयात नको" म्हणतात. मोठे आतडे काढण्याची नियोजित शस्त्रक्रिया अनेक वयस्कर माणसे व्यवस्थित सोसतात. सोसत नाही ती महिनाभर स्टिरॉइड घेऊन, कुपोषित होऊन, मध्यरात्री तातडीने करावी लागलेली शस्त्रक्रिया.

दवाखान्यात कधी धावायचे हेही लिहून ठेवतो. ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी १९५५ साली मांडलेली कसोटी आजही वापरतात: दिवसातून सहा किंवा अधिक रक्तमिश्रित जुलाब, आणि त्यासोबत नाडी ९० च्या वर, ताप ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली किंवा ईएसआर (रक्तातील दाह दाखवणारी तपासणी) ३० च्या वर, यांपैकी एक जरी असले तरी आजार तीव्र समजून भरती करावी. आपल्या मंडळींसाठी यात माझी एक पुस्ती आहे. मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंदावणारी गोळी चालू असेल तर नाडी वाढतच नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला मोठ्या संसर्गातही ताप येईलच असे नाही. नाडी आणि ताप नाही म्हणून घरी थांबू नका. भरती झाल्यावर रक्त पडत असतानाही पोटाच्या त्वचेखाली हेपारिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाची सुई दिली तर घाबरू नका. या आजारात पायात व फुप्फुसात गुठळ्या होण्याचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो आणि ती सुई त्यासाठीच असते.

दुधनाकाठ

डॉक्टरसाहेब, गुरुजी आणि सर्वांचे मनापासून आभार. गुरुजींचे लिहिणे मी आत्यांना वाचून दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "मास्तरालाबी असंच झालतं व्हय?"

एनिमाबद्दल लिहिते, कारण डॉक्टरांनी म्हटलेला संकोच आमच्या घरात होता. आत्यांची बोटे संधिवाताने वाकडी झाली आहेत, त्यांना बाटली दाबता येत नाही. मुलाकडून घेणार नाही, नर्स रोज येणार नाही, म्हणून पहिले १५ दिवस एनिमे कपाटातच राहिले. शेवटी मी दार लावून त्यांना सांगितले की माझ्या दोन्ही बाळंतपणांत तुम्ही माझे सगळे केलेत. त्या रात्रीपासून मी देते. डाव्या कुशीवर झोपवून, उजवा गुडघा पोटाशी घेऊन, बाटली आधी कोमट पाण्यात ठेवून सावकाश दिला तर कळ येत नाही. सुरुवातीला दहा मिनिटेही आत राहत नव्हता. तीन आठवड्यांनी रात्रभर राहू लागला. आता एक दिवसाआड चालू आहे.

जेवणाचे आम्ही आधी फार हाल केले. भाकरी बंद, तूरडाळ बंद, शेंगदाणे बंद, दूध बंद, असे करत त्या फक्त साबुदाणा आणि चहावर आल्या होत्या. आहारतज्ज्ञ बाईंनी समजावले की त्रास जोरात असताना मऊ भात, मुगाची खिचडी, उकडलेला बटाटा, केळे, अंडे आणि सोसत असेल तर ताक द्यावे, आणि आजार शांत झाल्यावर भाकरी परत आणावी. आता त्या ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून खातात. ठेचा नाही, पण येसराची आमटी कमी तिखट करून चालते. वजन ४९ किलोपर्यंत आले आहे.

उन्हाळ्यातला एक प्रसंग सर्वांनी लक्षात ठेवावा असा आहे. मे महिन्यात, पारा ४२ च्या वर असताना, आत्यांना दोन दिवस जुलाब झाले. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषधही आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते. तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ बंद झाली आणि किडनीचे काम दाखवणारे क्रिएटिनिन २.६ पर्यंत वाढले. सलाईन देऊन ते उतरले. अशा दिवशी कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या याची चिठ्ठी आता डॉक्टरांनी लिहून दिली आहे आणि ती देवघराच्या भिंतीवर चिकटवली आहे. गावात टँकर चार दिवसांनी येतो, तेव्हा आत्या पाणी वाचवायचे म्हणून कमी पितात, कारण प्यायले की जावे लागते आणि गेले की पाणी लागते. त्यांच्यासाठी एक वेगळी घागर आम्ही भरून ठेवू लागलो आहोत आणि तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही असे ठरवले आहे.

दोन प्रश्न आहेत. लस कोणती घ्यावी? आणि दुसरे असे की आमच्या गल्लीतील एका ६३ वर्षांच्या काकूंना दोन महिन्यांपासून रक्त पडते आहे. हे त्यांनी फक्त आत्यांना सांगितले, कारण आत्यांनीच त्यांना विचारले. त्यांना गुरुवारी परभणीला नेणार आहोत. नेण्यापूर्वी काय करावे?

डॉ_मांजरा

लसींत न्यूमोकोकसची (न्यूमोनियाच्या जंतूवरची) आणि दरवर्षी इन्फ्लुएंझाची लस घ्यावी. नागिणीची नवी, जिवंत विषाणू नसलेली लस २०२३ पासून आपल्याकडे मिळते. ती महाग आहे, परंतु दाह शमवणारी जोरकस औषधे चालू असणाऱ्यांना तिचा मोठा उपयोग आहे. हिपॅटायटिस बीची तपासणी करून घ्या. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना जिवंत लस घेऊ नये.

काकूंना गुरुवारपर्यंत कोणतेही प्रतिजैविक सुरू करू नका, कारण त्याने शौचाच्या तपासणीचा निकाल बिघडतो. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळीही रक्त पडत असताना देऊ नका. शौचाचा ताजा नमुना स्वच्छ डबीत घेऊन जा. अलीकडे त्या दवाखान्यात राहिल्या असतील किंवा प्रतिजैविके घेतली असतील तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल या जुलाब लावणाऱ्या जंतूची तपासणीही सांगा. किती दिवसांपासून, दिवसातून किती वेळा, रात्री उठावे लागते का आणि वजन किती उतरले, एवढे एका कागदावर लिहा. गोळ्यांची पिशवी घ्या, दुकानातून आणलेल्या गोळ्यांसकट. बोटाने तपासणी झाली नाही तर ती करण्याची विनंती करा. शक्य असेल तर आत्यांना सोबत न्या; काकू डॉक्टरांपुढे बोलायला कचरल्या तर त्या बोलतील.

गुरुवारपूर्वी चक्कर आली, गुठळ्या पडल्या किंवा लघवी कमी झाली, तर गुरुवारची वाट पाहू नका.